इंदिराबाई बसून गेली

इंदिराबाईला लेकानं टाकलंय आणि म्हातारी कुजकी ज्वारी खाऊन दिवस काढायलीय, ही बातमी पांढरवाडीच्या फाट्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कमलनगरच्या बाजाराला जाणाऱ्या जीपमध्ये ती आणखी फुगते. उदगीरच्या पाहुण्यांपर्यंत पोचते तोवर लेक दारू प्यायला लागलेला असतो, सून हात उचलायला लागलेली असते, आणि म्हातारीला दात नसल्यामुळं ती बिचारी ज्वारी भिजवून चघळत असते.

यातलं खरं एवढंच, की ज्वारीला वास येतो. बाकी, तिचा एकुलता एक लेक संघपाल हैदराबादला औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि चहासुद्धा फिका पितो. दर रविवारी मायला फोन करतो. तिनं उचलला नाही तर शेजारच्या मंगलला करतो. मंगलनंही उचलला नाही तर फाट्यावरच्या चहावाल्याला करून, माझी माय दिसली का म्हणून विचारतो. सून प्रियंका येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून गव्हाचा आटा पाठवते आणि इंदिराबाई तो पोचल्या पोचल्या वाटून टाकते. दात म्हणाल तर सगळे जागच्या जागी. ज्याला खात्री करायची असेल त्यानं तिच्याशी भांडून बघावं.

मग बाई तसली ज्वारी खाते कामून? ते सांगायचं तर आधी पेव सांगावं लागतं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रांजणासारखं. काळ्या रानात पेव टिकत नाही, ओल धरतं. त्याला पांढरी माती लागते, आणि पांढरवाडीत दुसरं काही नसलं तरी ती मुबलक. आत कडेनं कडबा आणि लिंबाचा पाला लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवून वरून लिंपायचं. वर्षं गेली तरी किडा लागत नाही. मधली ज्वारी मोत्यासारखी राहते. भिंतीला लागलेली मात्र ओल खाते, पिवळी पडते, आणि तिला एक आंबूस, कुबट वास धरतो. पाखडा, उन्हात घाला, तो वास हलत नाही. भाकर तव्यावर पडली की उलट गल्लीभर हिंडून येतो.

जुन्या काळी पेवं असायची ती मालकांची. खणायची, भरायची, उपसायची ती गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी. उपसताना मधली ज्वारी मालकाच्या घरात जायची आणि कडेची मजुरीत मिळायची. त्यामुळं सांजच्याला वस्तीत चुली पेटल्या की साऱ्या गावाला कळायचं. कोण कुठला हे विचारायची गरज नसायची, वाराच सांगून जायचा.

इंदिराबाईचा नवरा गुंडेराव असली पेवं उपसता उपसता म्हातारा झाला. पुढं रेशनचा तांदूळ आला, मालकांची पोरं शहरात गेली, पेवं बुजली, आणि लोकांना वाटलं वास गेला. मग तो वाईट दुष्काळ आला. टँकर वरच्या गल्लीतच रिकामा व्हायचा आणि वस्तीत पोचायचा तो नुसता त्याचा आवाज. मजुरी नव्हती, आणि रेशनवाला आज या, उद्या या करायचा. त्या वर्षी गुंडेरावच्या डोक्यात शिरलं, की वस्तीचं स्वतःचं एक पेव पाहिजे.

लोक हसले. पेव खणशील बाबा, पण त्यात घालायला ज्वारी कुणाच्या घरची आणशील? त्यानं वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या पांढरीत कुदळ मारायला सुरुवात केली, तेव्हा हसणारे आधी बघायला आले आणि मग माती उचलायला लागले. नियम त्यानं सोपे ठेवले. सुगी झाली की ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढी घालावी, किती घातली ते विचारायचं नाही. नड आली की पेव उघडायचं, ज्वारी विहाराच्या मागच्या खोलीत आणून ठेवायची, ज्याला लागेल त्यानं न्यावी, आणि किती नेली तेही विचारायचं नाही. खोलीला कुलूप नाही. नेणारा कुठल्या गल्लीचा, हेही बघायचं नाही.

एका गोष्टीवरून मात्र नवरा-बायकोचं वाजलं. इंदिराबाईचं म्हणणं, पेव उघडल्यावर कडेची ज्वारी बाजूला काढून कोंबड्यांना घालावी, मधली तेवढी वाटावी. बोलणं साधं होतं आणि बरोबर होतं. पण गुंडेरावनं जन्मभर ती कड खाल्ली होती. वाईट साल असलं की कोंबड्यांना कोण घालतंय, ती कुणाच्या तरी पदरात जाणारच, हे त्याला माहीत होतं.

"कड कुणाला द्यायची हे ठरवायला परत एक मालक लागतोय, इंदिरा," तो म्हणाला. "सगळी कालवायची."

सगळी कालवायची ठरलं. आणि पहिलं पेव उघडायच्या आधीच गुंडेराव एका दुपारी लिंबाखाली आडवा झाला तो उठलाच नाही.

पेव उघडलं ते त्याच्या माघारी. फरशी सरकवून तोंड दिवसभर उघडं ठेवलं, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, दोरीला कंदील बांधून खाली सोडला, तो विझला नाही म्हटल्यावर माणूस उतरला. ज्वारी निघाली झकास. पण त्याच्या शब्दाला जागून लोकांनी मधली आणि कडेची एकत्र कालवली, आणि मूठभर कडेनं ढीगभर मधलीला आपल्यासारखं करून टाकलं. वस्तीत समता आली. वासासकट आली.

पहिल्याच आठवड्यात मंगल ती भाकर फडक्यात बांधून कमलनगरला शिवणाच्या क्लासला निघाली. जीपमध्ये बायांनी एकेक करून पदर नाकाला लावले. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मंगलनं चार ऐकवल्या असत्या; ती ऐकवण्यात कमी नाही. पण नाकाला लावलेल्या पदराला काय उत्तर द्यायचं? संध्याकाळी तिनं घरातली उरलेली ज्वारी खोलीत परत नेऊन ओतली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी ओतली. आठ-पंधरा दिवसांत खोली भरलेली आणि वस्तीतल्या डब्यांचे तळ दिसायलेले, अशी गत झाली. माणसं उपाशी झोपायला तयार होती, पण तो वास अंगावर घ्यायला तयार नव्हती. त्यांच्या बापांनी तो घेतला होता, तेवढा पुरे झाला होता.

इंदिराबाई नवऱ्याच्या दुःखात बसलेली होती. खोली परत भरायलीय हे तिनं बघितलं आणि तिला दुसरंच दुःख झालं. माणूस गेला तो गेला. आता त्याचं पेवही लाजेनं मरायलंय, हे तिला सोसेना.

बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर गेली. जीपची वाट बघणाऱ्या गर्दीच्या अगदी मधोमध बसली, फडकं सोडलं आणि पेवातल्या ज्वारीची भाकर ठेच्याबरोबर चवीनं खायला लागली. वास सुटला. लोक सरकले. तिनं शेजारच्याला तुकडा पुढं केला, तो आणखी सरकला. पुढच्या बाजारी तिनं तेच केलं. मग तिनं घराबाहेर, वस्तीत शिरणाऱ्या वाटेवर तीन दगडांची चूल मांडली आणि रोज सांजच्याला सगळ्यांच्या आधी तवा चढवायला सुरुवात केली. महिना-दोन महिन्यांत असं झालं, की वास आला की लोक म्हणायचे, इंदिराबाईची चूल पेटली. गावानं तिला नावं ठेवली, कंजूस म्हटलं, लेकानं टाकलेली म्हटलं. ती बातमी फुटली ती इथून.

आणि वस्तीला मात्र आडोसा मिळाला. कुणाच्या घरी पाहुणा आला आणि नाक उडवायला लागला की घरची बाई हसत म्हणायची, काय करावं, आत्ताच इंदिराबाई बसून गेली. मंगलनं हे पहिल्यांदा म्हटलं, मग सगळ्यांनी उचललं. ज्वारी खोलीतून परत हलायला लागली.

आता यातली गंमत बघा. त्या वर्षापासून इंदिराबाई वस्तीतल्या किती घरांत बसून गेली याला सुमार नाही. लग्नाघरी बसून गेली, बारशाला बसून गेली, मास्तर जेवायला आले तिथं बसून गेली. आणि खरं बघायला गेलं तर कुणाच्या उंबऱ्याला तिचा पाय लागलेला नाही. जिथं तिथं तिचं नाव जेवून यायचं, आणि ती आपली चुलीपुढं एकटी.

त्यातून तिची एक खोड. चुलीपुढं ती विहाराच्या खोलीकडं पाठ करून बसायची. ज्वारी न्यायला येणाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून. पावलं वाजली की ती जाळ सारखा करायला लागायची, खोकायची, म्हणजे येणाऱ्याला कळावं की म्हातारी बघत नाही. माणसं यायची, मापटं भरायची, जायची. कुणी जाता जाता तिच्या पाठीला म्हणायचं, जेवलीस का मावशी? ती पाठीनंच व्हय म्हणायची. वळून बघितलं असतं तर बोलणं वाढलं असतं, बसणं-उठणं झालं असतं. तिनं वळायचं नाही असंच ठरवून टाकलं होतं. रात्री भाकर मोडताना समोर गुंडेरावचा फोटो असायचा. त्याला ती म्हणायची, तू कालवून गेलास, निस्तरायलीय मी.

तिच्या चुलीसमोर, रस्त्याच्या पलीकडं, म्हाळसाबाईचं घर. तिथून वरची गल्ली सुरू होते. म्हाळसाबाईच्या सासऱ्याच्या काळात मेंढरं होती. आता थोडं कोरडवाहू रान आणि बाकी मजुरी. नवरा गुंडाप्पा गरीब स्वभावाचा. बोलायचं काम त्या घरात एकटी म्हाळसाबाईच करते. इंदिराबाईला ती कधी पाणी द्यायची ती तांब्या उंच धरून, वरून ओंजळीत ओतून. आणि संध्याकाळी दारात उभी राहून, रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायची, आलं बाई इंदिराबाईचं अत्तर.

गेल्या वर्षीचा पाऊस सगळ्यांना आठवतो. सोयाबीन शेंगेतच उगवलं, तूर पाण्यात उभी कुजली. त्यात रेशनच्या मशीनला अंगठे दिसेनात. ऊस तोडून, माती उपसून ज्यांचे अंगठे गुळगुळीत झालेले, त्यांना मशीन म्हणे, हा माणूसच नाही. ज्यांची बोटं मऊ, त्यांना तांदूळ. वस्तीनं पेव उघडलं. आणि त्या वेळी इंदिराबाईच्या पाठीमागं न्यायला येणारी पावलं नेहमीचीच नव्हती. एकदा जड वहाणांचा आवाज आला, वरच्या गल्लीतल्या माणसाचा. इंदिराबाई खोकली, जाळ सारला, वळली नाही. पण गुंडाप्पाची वहाण रस्त्यापलीकडून रोज ऐकू येते, ती कुणाला ओळखू येणार नाही?

त्या संध्याकाळी म्हाळसाबाईच्या धुराड्यातून वास आला. नेमकी तिची निंबर्ग्याची नणंद आलेली. नणंदेनं विचारलं, काय गं वहिनी, कसला वास? सगळी गल्ली कान देऊन होती. आणि आतून म्हाळसाबाईचा आवाज आला, मोठा, ठसकेबाज, की अगं ती इंदिराबाई आत्ताच बसून गेली की.

मंगलनं तोंडात पदर कोंबला. जिनं इंदिराबाईला कधी अंगणात टेकू दिलं नव्हतं, तिच्या घरात इंदिराबाई बसून गेली! सगळ्यांनी चुलीकडं बघितलं. इंदिराबाई जागची हलली नाही. फक्त तव्यावरची भाकर उलटायची राहून गेली, आणि करपली.

त्याच हिवाळ्यात तिला दिसेनासं झालं. भाकर तव्याबाहेर पडायला लागली तेव्हा मंगलनं संघपालला फोन केला. तो गाडी घेऊन आला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्यात पिकायलेला. तो म्हणाला, माय, ऑपरेशन करू, आणि आता इथं परत यायचंच न्हाई. धूर तुझ्या डोळ्याला विष आहे. चूल बंद.

तिला डोळ्याची काळजी नव्हती. काळजी होती चुलीची. मी गेले तर वास कुणाचा, हाच प्रश्न तिला खात होता. जाताना तिनं मंगलला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की सांजच्याला माझ्या दगडांवर तू बस, बाकी काही करू नको, फक्त उघड्यावर भाकर थाप. मंगल हो म्हणाली. म्हणाली ती मनापासून. पण गाडी फाट्यावरून वळली, संध्याकाळ झाली, आणि तिला जीपमधले पदर आठवले. ती दारापर्यंत आली आणि परत आत गेली.

हैदराबादला घर चौथ्या मजल्यावर. प्रियंका गुणाची. डोळ्यात थेंब घालायची, उशी सारखी करायची, मग कामावर जायची. संघपाल जायचा. दारं बंद. समोरच्या दाराआड कोण राहतं हे इंदिराबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. एका डोळ्यावर पट्टी बांधून ती खिडकीत बसायची, आणि पहिल्यांदा तिला कुणाकडं पाठ करायची गरज नव्हती, कारण पाठीमागं कुणी येतच नव्हतं. गाठोड्यात तिनं थोडी ज्वारी नेली होती. दोन दिवस चपाती खाऊन जीव उबगला तेव्हा प्रियंकानं ती दळून आणली आणि गॅसवर भाकर केली. वास जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरचा माणूस खाली येऊन विचारायला लागला, गटार तुंबलंय का. संघपाल ओशाळून म्हणाला, न्हाई न्हाई, गावाकडून माय आलीय.

इंदिराबाई आतून ऐकत होती. तिला हसू आलं आणि पट्टीखाली डोळा झोंबला. जन्मात पहिल्यांदा तिच्या नावावर सांगितलेली गोष्ट खरी होती. ती खरंच त्या घरात बसलेली होती.

पांढरवाडीतून फोन यायचे. तिला वाटायचं आता कुणी डोळा विचारेल. मंगल विचारायची घाईनं, आणि मग मुद्द्यावर यायची. मावशी, लोक परत खोलीत ज्वारी ओतायलेत. पाहुण्याला काय सांगावं? तू हैदराबादला गेल्याचं सगळ्या गावाला माहीत आहे. कधी येणार तू? इंदिराबाई म्हणायची, डागदर सोडंना. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती तो हातातच धरून बसायची. सगळ्यांना तिचा वास हवा होता. ती नसली तरी चाललं असतं.

मग एका दुपारी गुंडाप्पाच्या नंबरावरून फोन आला. बोलली म्हाळसाबाई. बोलणं फार लांबलं नाही.

पण त्याच संध्याकाळी पांढरवाडीनं जे बघितलं त्याच्यावर अजून चहाचे कप रिकामे होतात. म्हाळसाबाई परात घेऊन रस्ता ओलांडून आली. इंदिराबाईच्या तीन दगडांपुढं बसली. रस्त्याकडं तोंड करून बसली, पाठ नव्हे. पेवातल्या ज्वारीचं पीठ मळलं आणि तव्यावर भाकर टाकली. नणंद गेली होती, पण गाव होतं. फाट्यावरून येणारा एकजण नाक दाबून म्हणाला, इंदिराबाई तर हैदराबादला गेली की, अक्का. म्हाळसाबाईनं त्याच्या घरातली मागच्या तीन पिढ्यांची पेवं काढली. तो पुन्हा त्या रस्त्यानं नाक दाबून गेला नाही. तिसऱ्या दिवशी मंगल आपला तवा घेऊन येऊन बसली. मग आणखी एकजण. खोलीतली ज्वारी परत हलायला लागली.

लोकांनी तर्क लढवले. इंदिराबाईनं फोनवर तिला पाटल्या कबूल केल्या. इंदिराबाईनं गुंडेरावची शपथ घातली. संघपालनं गुंडाप्पाला कारखान्यात लावायचं ठरवलं. एकानं तर सांगितलं, करणी केली.

महिन्यानं इंदिराबाई परतली. संघपाल नको नको म्हणत होता, तरी परतली. काळा चष्मा लावून फाट्यावर उतरली तर सांज झालेली, आणि वास वस्तीच्या चार-पाच अंगणांतून, उजळ माथ्यानं. कुणी तिच्या नावावर तो टाकत नव्हतं. त्या दिवसापासून इंदिराबाई कुणाच्या घरी बसून जात नाही. जेवढ्या घरांत तिचं नाव फिरायचं तेवढ्या घरांतून ते एकदम उठून आलं, आणि धुराला मनाई म्हणून चूलही नाही. काही दिवस ती नुसतीच ओट्यावर बसायची, हातांना काम नसल्यासारखी. गुंडेरावच्या फोटोला सांगायलाही काही नवं नव्हतं.

एका सांजेला म्हाळसाबाई आली. ताटलीत गरम भाकर, वर ठेचा. ती तिनं ओट्यावर ठेवली. पाण्याचा तांब्या आणला होता. तो उंच धरला नाही, वरून ओतला नाही. इंदिराबाईच्या हाताशी खाली ठेवला, आणि हातभर अंतर सोडून बसली. इंदिराबाईनं तुकडा मोडला, तांब्या तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हाळसाबाईनं डोळा कसा आहे ते विचारलं. दुसरं काही न काढता नुसतं तेवढंच विचारणारी ती पहिली.

फोनवर काय झालं होतं ते शेवटी गुंडाप्पानंच सांगितलं. म्हाळसाबाईला तो मोबाईल धरता येत नाही, त्यामुळं धरून तोच उभा होता आणि आवाज मोठा ठेवलेला होता. पाटल्या नव्हत्या, शपथ नव्हती. म्हाळसाबाईनं विचारलं होतं, की तू तिकडं जाऊन बसलीस. माझ्या घरातून वास आला आणि लोकांनी विचारलं तर आता मी काय सांगू?

इंदिराबाई म्हणाली, "सांग, म्हाळसाबाई जेवायलीय."